एक शब्द राहिला

बसस्थानकावर तिचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता, चेहरा मात्र फारसा कोणाला ठाऊक नव्हता. दुकानात तिने साबण मागितला की दुकानदार मान वर करून म्हणायचा, "अरे, त्या तुम्हीच का? आज तरी वेळेवर सोडा." जणू गाड्या तिच्या पदराला बांधलेल्या होत्या.

तिची कामाची जागा म्हणजे कंट्रोलरच्या टेबलाशेजारची काचेची खोली. आत एक खुर्ची, एक माइक आणि बटणांची पेटी. दार घट्ट लावूनच बोलावं लागे. ते जरा जरी उघडं राहिलं तर फलाटावरच्या कर्ण्यातला आवाज परत माइकमध्ये शिरायचा आणि अशी शिट्टी वाजायची की बाकांवर झोपलेली पोरं दचकून रडायला लागत. त्यामुळे इतकी वर्षं ती बोलत आली, पण आपलं बोलणं बाहेर कसं ऐकू येतं ते तिने कधी ऐकलं नव्हतं. बटण दाबायचं, बोलायचं आणि काचेतून बघायचं. लोक पिशव्या उचलून चालू लागले की समजायचं, पोचलं.

त्या दुपारी तिने सांगितलं, "सर्व प्रवाशांना कळविण्यात येते, की पुलाच्या कामामुळे नदीवरून येणाऱ्या व जाणाऱ्या गाड्या उशिराने धावत आहेत. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

कंट्रोलरने पेनाने काचेवर टकटक केली. तिने दार उघडलं.

"बाई, आजची दिलगिरी जरा कोरडी वाटली."

"सकाळपासून तेच चाललंय. ओली कुठून आणू?"

तो हसला नाही. "तुमचा फोन आहे," म्हणाला. "घरून."

फोनवर शेजारची नर्सबाई होती. "ये तू आता," ती म्हणाली. "तुझे सासरे संध्याकाळ बघतील असं मला वाटत नाही. आणि सारखा एकच धोशा लावलाय त्यांनी. पाळकांना बोलवा, पाळकांना बोलवा."

ती पर्स घेऊन निघाली. नवऱ्यासाठी बंदरावर निरोप ठेवला. तो क्रेन चालवायचा. क्रेनवरून माणूस खाली उतरणार, निरोप ऐकणार आणि पुलाच्या रांगेत लागून घरी येणार, यात किती वेळ जाईल हे तिच्याइतकं नेमकं कोणाला कळणार होतं?

घर म्हणजे खाली सुतारकामाची जागा आणि वर दोन खोल्या. रंध्याखालचा भुसा कधीच झाडून काढला होता, तरी जिना चढताना सरसाचा वास यायचाच. गावात सासऱ्यांना सगळे मिस्त्री म्हणत. सोमवार ते शुक्रवार त्यांच्या हातात करवत आणि पटाशी. शनिवारी संध्याकाळी त्याच कामाच्या जागी, त्याच बाकांवर त्यांच्या लुथरन चर्चच्या मंडळीची मुलं बसायची, आणि मिस्त्री त्यांना दृढीकरणासाठी, म्हणजे पहिल्या प्रभुभोजनाआधीच्या विधीसाठी, तयार करायचे. आज्ञा, विश्वास, प्रभूची प्रार्थना, बाप्तिस्मा, कबुली, प्रभुभोजन. त्यांनी प्रश्न विचारायचा, मुलांनी उत्तर पाठ म्हणायचं. उत्तरात एखादा शब्द गळला की मिस्त्री बोलत नसत. बोटाच्या पेराने बाकावर एकदा ठोकत. मग मूल थांबायचं, मागे जायचं आणि गळलेला शब्द शोधून आणायचं. सापडला की मिस्त्री म्हणायचे, "आता बरोबर."

"एवढ्याशा शब्दाने काय अडलंय?" असं कोणाच्या तरी बापाने एकदा विचारलं होतं. मिस्त्रींनी त्याला दाराची चौकट दाखवली. "सूतभर चूक आहे यात. लावून बघ दार."

तीही त्याच बाकावर बसली होती. तिच्या उत्तरांना ठोका क्वचितच पडायचा. पुढे मिस्त्रींनीच तिला मुलासाठी मागणी घातली, तेव्हा मंडळीतल्या बायका म्हणायच्या, "मिस्त्रींनी सून नाही आणली, पाठांतर आणलं घरात."

मिस्त्री उंच उशीवर टेकून होते. श्वास घेताना गळ्याखाली खड्डा पडत होता. नर्सबाईने त्यांचे ओठ ओल्या कापसाने पुसले आणि तिला जागा करून दिली. ती त्यांच्या डाव्या कानाशी वाकली. उजवा कान कधीच गेला होता आणि डाव्याला फक्त तिचं बोलणं लागायचं. मुलगा ओरडून ओरडून थकायचा, मुलगी रडकुंडीला यायची, आणि मिस्त्री म्हणायचे, "सूनबाईला सांगा. तिला माझ्या कानाची किल्ली सापडलीय."

"बाबा, मी आलेय."

"पाळक?"

"बोलावलंय."

"पापांची कबुली द्यायचीय. उशीर नको."

नर्सबाईने पाळकांचा नंबर लावून मोबाइल मिस्त्रींच्या कानाला लावला. पलीकडून पाळक काहीतरी बोलत होते. मिस्त्रींच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"नको. आमच्याकडे आहे," ते फेरीवाल्याला सांगावं तसं म्हणाले.

"बाबा, पाळक आहेत!" सून म्हणाली.

"मग घरी या म्हणावं. हे काय खोक्यातून."

नर्सबाईला हसू आवरेना. तिने तोंडावर हात धरला आणि मग डोळे पुसले. सून मोबाइल घेऊन जिन्यात गेली.

पाळक तरुण होते, या मंडळीवर येऊन त्यांना फार काळ झाला नव्हता. दोन गावं नदीपलीकडची आणि हे एक, अशा तिन्ही मंडळ्या सांभाळायच्या म्हणजे अर्धा आठवडा त्यांचा गाडीतच जायचा.

"मी पुलावर अडकलोय, ताई," ते म्हणाले. "पुढे काही हलत नाही. ही तुमचीच उशिराची गाडी."

"मीच सांगितलं माइकवर," ती म्हणाली.

"त्यांना ऐकूच जात नाही माझं. तुमचं जातं ना?"

"जातं."

"मग तुम्ही घ्या त्यांची कबुली. क्षमेचं वचन तुम्ही सांगा. नडीच्या वेळी कोणीही ख्रिस्ती माणूस सांगू शकतो. तुम्ही तर मिस्त्रींच्याच वर्गातल्या, तुम्हाला पाठ आहे."

तिने मोबाइल दुसऱ्या कानाला नेला.

"ताई? ऐकू येतंय?"

"मी नको, पाळकसाहेब. नर्सबाईंना सांगू का?"

"त्यांचं ऐकू जातं त्यांना?"

"नाही."

"मग?"

तिने कठडा धरला. "माझ्या मनात नसेल तर?" तिने विचारलं. "म्हणजे मी तोंडाने म्हणेन, पण माझ्या मनाने त्यांना ती दिलेली नसेल तर?"

पलीकडे गाडीचं इंजिन नुसतंच घुरघुरत होतं. कोणीतरी ड्रायव्हरला शिव्या घालत होतं. पाळकांना जुनी गोष्ट ठाऊक नव्हती. त्यांनी विचारलंही नाही.

"तुमच्या मनाची मागणी कोणी केलेली नाही, ताई," ते सावकाश म्हणाले. "क्षमा तुमच्या घरातून जात नाही. तुमचं तोंड तेवढं लागेल."

"वचनात 'तुझ्या' आहे. सासऱ्यांना तुझ्या कसं म्हणू?"

"जसं आहे तसं म्हणा," पाळक म्हणाले, आणि आवाज तुटला.

नडीच्या वेळी कोणीही ख्रिस्ती माणूस. हे शब्द तिने आधी ऐकले होते. वर्गात ते बाप्तिस्म्याच्या पाठात यायचे. मूल दगावेल असं वाटलं आणि पाळक जवळ नसेल, तर कोणीही पाणी घ्यावं, मुलाचं नाव घ्यावं, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा द्यावा. पाणी साधं चालतं. हे उत्तर तिने एकही ठोका न पडता म्हटलं होतं.

तिला मुलगी झाली तेव्हा मंडळीत बाप्तिस्मा एनॅमलच्या भांड्यात व्हायचा. भांड्याच्या कडेचा टवका उडाला होता. मिस्त्रींनी ठरवलं, पहिल्या नातीचा बाप्तिस्मा त्या भांड्यात होणार नाही. त्यांनी बाप्तिस्म्याच्या नव्या कुंडासाठी लाकडी बैठक आणि झाकण करायला घेतलं. लाकूड ओलं निघालं. सांधा बसेना, झाकण पीळ खाऊ लागलं. ते पाळकांकडे गेले, त्या वेळचे पाळक म्हातारे होते, आणि म्हणाले, पुढच्या रविवारी ठेवू. मग त्याच्या पुढच्या. तिने मान डोलावली होती. सासरे इतक्या हौसेने करताहेत, चार दिवस इकडेतिकडे झाले तर काय बिघडतं?

तापाने बाळ एका रात्रीत गेलं. दवाखान्याच्या बोळात ती भिंतीला टेकून उभी होती, बाळ तिच्या हातांत होतं आणि अजून गरम होतं, तेव्हा मिस्त्री आले. मागे तिचा नवरा. समोर भिंतीवर हात धुवायचा नळ होता. मिस्त्रींनी बाळाकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं आणि तिला विचारलं, "पाणी समोर होतं. शब्द तुला पाठ होते. मग?"

वर्गात विचारायचे अगदी तसंच. आणि उत्तराची वाट बघत उभे राहिले. तिला आठवतं, तिने खरोखर उत्तर शोधलं होतं. तिचा नवरा बापाशेजारी उभा होता. तोही काही बोलला नाही.

म्हाताऱ्या पाळकांनी तिला नंतर जवळ बसवून सांगितलं, देवाने आपल्याला बाप्तिस्म्याशी बांधलंय, स्वतःला नाही. तू तिच्यासाठी पोटात असल्यापासून प्रार्थना करत होतीस ना, तो ऐकत होता. तिने ऐकून घेतलं. ते खरं असेल असंही तिला वाटे. पण भांडी घासायला नळ सोडला की पाळकांचं वाक्य आठवत नसे, मिस्त्रींचं आठवे.

बैठक आणि झाकण पुढे तयार झालं. देखणं झालं. तेव्हापासून मंडळीतलं प्रत्येक मूल त्याच कुंडाशी आणलं गेलं, आणि प्रत्येक बाप्तिस्म्याच्या रविवारी तिची शिफ्ट असे. कंट्रोलरला वाटायचं, बाई कामसू आहे.

त्या वाक्याबद्दल घरात कोणी कधी बोललं नाही. मिस्त्रींना तिने वर्षानुवर्षं जेवण वाढलं, औषधं दिली, कानात जगाच्या बातम्या सांगितल्या. ते तिला जपत. ती उशिरा आली की जिन्यातला दिवा लावून ठेवत. आणि ती मनात एकाच गोष्टीची वाट बघत होती, की एक दिवस ते म्हणतील, पोरी, ते चुकलं माझं. एवढं म्हणाले असते तरी तिचं भागलं असतं.

आज ते कबुली देणार होते. जिना चढून परत येताना तिच्या मनात हेच आलं, आणि आलं म्हणून तिला स्वतःची लाजही वाटली.

नर्सबाईला तिने बाहेर पाठवलं. "कबुली आहे," तिने सांगितलं. नर्सबाई दार ओढून जिन्यात जाऊन बसली.

"बाबा, पाळक पुलावर अडकलेत. मी ऐकते. चालेल?"

मिस्त्रींनी डोळे उघडले. तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "तू?"

"माझंच ऐकू येतं तुम्हाला."

"हं," ते म्हणाले. "चालेल. नडीच्या वेळी." आणि हात छातीवर घेऊन एकात एक गुंतवले.

ते थांबत थांबत बोलले. बायको शेवटच्या आजारात होती तेव्हा तिला एकटी सोडून वर्गाला गेलो, म्हणाले. ती नको म्हणत होती, तरी गेलो. हाताखालच्या माणसाला पटाशीच्या मुठीने मारलं. मागून कळलं, खूण माझीच चुकली होती. त्याला सांगितलं नाही. एका कपाटाला किडकी फळी लावली, रंगाखाली झाकून. लोकांच्या चुका काढत बसलो. त्यात गोडी वाटायची.

ती आणखी जवळ वाकली.

"कुंडाचं झाकण केलं," मिस्त्री म्हणाले, आणि पुढे काही वेळ नुसताच श्वास वाजत राहिला. तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. 

"बोला, बाबा."

"लोक बघायला यायचे. हात फिरवायचे. मला अभिमान व्हायचा. देवाच्या घरात माझं नाव मिरवलं. तेही धर."

"आणि?"

"बस."

"आणखी काही, बाबा?"

त्यांनी मान हलवली. "आठवलं तेवढं सांगितलं. बाकी त्याला ठाऊक."

तिने हात काढून घेतला. खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आठवलं तेवढं. म्हणजे ते वाक्य त्यांना आठवतच नव्हतं? की जिभेवर येऊन परत गेलं? त्यांचा चेहरा तिला लाकडाच्या रेषांसारखा पाठ होता, आणि त्या क्षणी त्यात तिला काहीच वाचता आलं नाही. वर्गातला प्रश्न तिला आठवला: सगळी पापं मोजून सांगावी लागतात काय? नाही. आपले सगळे दोष कोणाला कळतात? जी टोचतात ती सांगावीत. हे उत्तर त्यांनीच तिच्याकडून घोटून घेतलं होतं. तिचं आयुष्य ज्याने चिरलं, ते त्यांना टोचतसुद्धा नव्हतं.

तिने त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि माइकवरच्या आवाजात, स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "मी सांगते ती क्षमा देवाचीच क्षमा आहे, असा तुझा विश्वास आहे काय?"

तुझा. आयुष्यात पहिल्यांदा. मिस्त्रींच्या भुवया जराशा हलल्या.

"होय."

"जसा विश्वास धरतोस तसं तुला होवो. आपल्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या आज्ञेवरून मी तुझ्या पापांची तुला क्षमा..."

पलंगाच्या लाकडी कडेवर ठोका पडला. एकच.

त्यांचा हात छातीवरून कधी खाली आला ते तिने पाहिलं नव्हतं. डोळे मिटलेले होते. बोटाचं पेर कडेवर तसंच टेकलेलं होतं.

एक शब्द राहिला होता. कोणता, ते तिला ठाऊक होतं. ती तो विसरली नव्हती, तिने तो ठेवून घेतला होता.

हा ठोका मास्तराचा होता, हाताच्या सवयीने पडलेला? की हे मागणं होतं? विचारायची सोय नव्हती. त्यांचा श्वास आता मध्येच थांबायचा, पुन्हा कसाबसा सुरू व्हायचा, आणि दर वेळी थांबणं लांबत होतं.  पाणी समोर होतं. शब्द तुला पाठ होते. मग? त्या बोळात ती गोठली होती, तशीच पुन्हा गोठत चालली आहे हे तिला स्वच्छ दिसलं, जणू काचेतून दुसऱ्या कोणाला बघावं तसं. एकदा तिच्या तोंडातून शब्द निघाले नव्हते, आणि ते तिला पुरून उरलं होतं.

ती मागे गेली, वर्गात जायची तशी.

"मी तुझ्या सर्व पापांची," ती म्हणाली. 'सर्व' तिने सुटा, पूर्ण म्हटला. "सर्व पापांची तुला क्षमा करते. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने. आमेन."

"आमेन," मिस्त्री म्हणाले. मग ओठ पुन्हा हलले. ती वाकली.

"आता बरोबर."

त्यानंतर ते बोलले नाहीत. खिडकीतलं ऊन पलंगावरून भिंतीवर गेलं तोवर त्यांचा श्वास थांबला होता. नर्सबाईने आत येऊन डोळ्यांवरून हात फिरवला. "किती शांत गेले गं," ती म्हणाली. "कसलं ओझं म्हणून नाही चेहऱ्यावर."

"नाही," सून म्हणाली. "नाहीये."

पाळक आले ते धावत जिना चढूनच. पलंगाशी गुडघे टेकून त्यांनी प्रार्थना केली. मग तिला बाजूला घेतलं.

"घेतलीत कबुली?"

"हो."

"त्यांनी काय सांगितलं ते मला सांगू नका. कोणालाच सांगू नका. नवऱ्यालाही नाही. ते जिथे गेलं तिथेच राहू दे."

"आणि जे सांगितलं नाही ते?"

पाळकांनी तिच्याकडे पाहिलं. काहीतरी त्यांच्या लक्षात येऊ लागलं असावं. "तेही त्यातच गेलं, ताई."

"म्हणजे तेही सांगायचं नाही."

"नाही."

नवरा आला तेव्हा दिवे लागले होते. हातमोजे अजून खिशात होते. तो बापाच्या पायांशी बसून राहिला, मग उठून तिच्यामागे स्वयंपाकघरात आला. ती नळाखाली पेला धरून उभी होती.

"नर्सबाई म्हणाली, तू कबुली घेतलीस."

"हो."

"अगं, मला एवढंच सांग." तो इतक्या वर्षांत या विषयाकडे कधी आला नव्हता, शब्द त्याला सापडत नव्हते. "ते दवाखान्यातलं. बोलले का ते? तुझी माफी मागितली का?"

तिने नळ बंद केला. "मला सांगता येत नाही, अहो. कबुलीतलं कोणालाच सांगायचं नसतं."

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, आणि त्याचा चेहरा हळूहळू विरघळला. "म्हणजे मागितली," तो म्हणाला. "मागितली म्हणूनच सांगत नाहीस. मला वाटलंच होतं. एक दिवस मागतील असं मला नेहमी वाटायचं." तो ओट्याला टेकून लहान मुलासारखा रडू लागला. "मी पण तेव्हा गप्प बसलो गं. बापाच्या शेजारी उभा राहून गप्प बसलो."

हे तो पहिल्यांदा बोलत होता. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. 'नाही' हा शब्द तिच्याजवळ होता, पण तो वापरायची तिला मोकळीक नव्हती.

दफनाच्या दिवसापर्यंत घरातली गोष्ट मंडळीत पोचली होती. दफनभूमीच्या फाटकाशी बायका हलक्या आवाजात बोलत होत्या, पण तिचे कान आवाजाच्या धंद्यातले होते.

"शेवटी सुनेसमोर हात जोडले म्हणे मिस्त्रींनी."

"जोडणारच. एवढं केलं तिने. पण माणूस खरा हो, शेवटच्या घडीला का होईना, बोलला."

नणंदेने तिला मिठी मारली. "वहिनी, आता तरी मन मोकळं कर. बाबांनी केलं, आता तू कर."

"हो," ती म्हणाली.

माती लोटून झाल्यावर पाळक तिच्या बरोबरीने चालू लागले. "या रविवारी बाप्तिस्मा आहे," ते म्हणाले. "या तुम्ही. आणि ताई, तुमचंही काही सांगायचं असेल तर मी आहे. कधीही."

"रविवारी शिफ्ट आहे," ती म्हणाली.

पाळकांनी मान डोलावली. "तर मग कधीही," ते पुन्हा म्हणाले.

रविवारी तिला बघून कंट्रोलर उभाच राहिला. "अहो बाई, घरात दुःख झालंय. कशाला आलात? मी नसतो का ओरडलो चार दिवस?"

"तुमचं ओरडणं ऐकून लोक भलत्याच गावी जातील."

"तेही खरंय," तो म्हणाला, आणि तिच्यासाठी खुर्ची पुसली.

पुलाचं काम संपलं नव्हतं. फलाटावर गर्दी साचली होती. एक म्हातारा पेटीवर बसला होता, एक बाई मूल या कडेवरून त्या कडेवर घेत होती. तिने दार लावलं, बटण दाबलं आणि तोंड उघडलं. पहिलाच शब्द निघेना. दिवसभरात तो इतक्यांदा म्हणायची, की तो शब्द आहे हेच ती विसरली होती. कंट्रोलरने काचेपलीकडून भुवया उंचावल्या. मग, तिला ऐकू यावं म्हणून, पेनाने काचेवर टक् केलं. एकदाच.

तिने खुर्ची मागे सारली. उठली नाही. पाय लांब करून पावलाने दार ढकललं. ते हातभर उघडलं.

"सर्व," ती म्हणाली.

आणि बाहेरून, छपराखालच्या सगळ्या कर्ण्यांतून, लांबच्या फलाटावरून जराशा उशिराने, एका बाईचा आवाज आला आणि तिला तो शब्द म्हणाला. तिच्या ओळखीचा नव्हता तो आवाज. तिला वाटायचं त्याहून थकलेला होता. ती ऐकत राहिली.

मग शिट्टी वाजू लागली. कडेवरचं मूल दचकून रडायला लागलं, कंट्रोलर दोन्ही हात हलवत धावला, "बाई, दार! अहो, दार लावा!" तिने बटणावरचं बोट काढलं. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायला तिने हात उचलला नाही. दार लावण्यासाठी ती उठली, आणि दाराच्या कडीवर हात ठेवून क्षणभर तशीच उभी राहिली.